इंजिन वाजतं, बोट दिसत नाय

सिनेमात काम करायचं म्हणून मी दाढी केली, नवा शर्ट घातला, केसांना तेल लावलं, आणि पोरीने घेतले काय, तर माझे पाय. तोंड घेतलंच नाय.

पोरगी म्हणजे माझी भाची रुचिता. माझ्या धाकट्या बहिणीची, शकूची, एकुलती एक. शकू आमच्या मुरब्याहून मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसते, आणि तिची नि बाकी बायकांची मासळी नेणारा टेम्पो माझा. मेव्हणा पंढरी आधी दर्यात जायचा. कंबर गेली तसा दर्या सोडला, आता बोईसरला कंपनीत पाळीवर जातो. पोरीला त्याने पालघरला कॉलेजात घातली. ती चांगली शिकली, आणि शिकून बोलली काय, तर मला पुण्याला जाऊन आवाज शिकायचाय.

हे ती आमच्या टेम्पोतच बोलली. मी चालवतोय, मधे शकू, खिडकीला पोरगी, मागे बर्फ नि मासळी.

"आवाज शिकायला पुण्याला?" शकू बोलली. "माझ्या बाजूला बाजारात बस गो महिनाभर. फुकटात शिकवते."

"आई, ओरडायला नाय शिकायचं. सिनेमाला आवाज द्यायचा असतो, ते शिकायचं. माझं नाव लागलंय तिकडे यादीत."

"सिनेमाला आवाज असतोच की. नसता तर मला ऐकू कसा आला असता?"

पोरीने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मी हसलो. हसलो खरा, पण ते डोक्यात राहिलं. घरी जाऊन मी टीव्हीवर एक खुनाचा सिनेमा लावला आणि आवाज बंद करून बघितला. माणूस सुरा घेऊन जिना चढतोय, चढतोय, आणि मला वाटतंय की हा वर कांदा कापायला चाललाय. आवाज चालू केला तर माझ्याच अंगावर काटा आला. सुरा तोच, जिना तोच. मग घाबरवलं कोणी मला? तेव्हापासून मी पोरीच्या बाजूचा झालो. शकूला नाय सांगितलं.

शकूला वाटायचं की पोरीने कंपनीच्या लॅबमध्ये लागावं. जागा बघून ठेवलेली, कंपनीची बस नाक्यापर्यंत येते, संध्याकाळी पोरगी घरात. त्यात वाईट काय हाय? काय नाय. पण पोरगी अडून बसली.

"मी दोन मिनिटांचा सिनेमा करून दाखवते," ती परत टेम्पोतच बोलली. "नुसती सुरुवात. खून नाय, रक्त नाय, भूत नाय. तरी बघणाऱ्याचा जीव टांगून ठेवते."

"कोणाचा जीव?"

"तू सांगशील त्याचा."

शकू आमची बाजारात मुरलेली. ती लगेच बोलली, "माझ्या बायका. रखमा, इंदुबाई, आणि आमच्या रांगेतल्या सगळ्या. त्या दोन मिनिटं गप बसल्या तर जा तू पुण्याला, मी स्वतः गाडीत बसवीन. नाय बसल्या तर गुमान कंपनीची बस धरायची."

मी ब्रेकच मारला. ह्या बायका मंगलाष्टकांना गप बसत नाय. अक्षता टाकता टाकता पापलेटचा भाव करतात. पण पोरीने हात पुढे केला आणि आईने त्यावर टाळी दिली.

पोरीची एक मैत्रीण हाय, भाविका. सरावलीला राहते. तिचे वडील जळगावकडचे, पॉवर प्लांटात कामाला. तिच्याकडे कॅमेरा. आली ती दुसऱ्या दिवशी, आणि मला बोलली, "मामा, तुम्ही आमचे खलनायक." मग मी दाढी वगैरे केली, ते सांगितलंच.

बोंबील वाळत घालायच्या वलांडी असतात ना आमच्या, बांबूच्या, त्यावर बोंबील लटकतात रांगेने, तिकडे मला चालवला. भाविका जमिनीवर पालथी, कॅमेरा वाळूला टेकलेला.

"अगं, तोंड इकडे वर हाय माझं," मी बोललो.

"तोंड नकोच आहे, मामा."

"मग मी दाढी कशाला केली?"

रुचिता बोलली, "मामा, तोंड दिसलं की माणूस कळतो. कळला की भीती संपली. नुसते पाय येताना दिसले की बघणारा विचार करतो, वर कोण असेल, हातात काय असेल. तो स्वतःच भरतो वरचं. आपल्याला कष्ट नाय."

मला हे लय आवडलं. मी चांगला जोर लावून चाललो. पाय घासत चाल, बोलली, घासत चाललो. मागून तिने ढँण ढँण संगीत लावलं, कावळा टाकला, दाराची करकर टाकली. मी बघितलं तेव्हा माझ्याच पायांना मी घाबरलो.

शकूच्या घरी टीव्हीवर चार बायकांना बोलावून आधी दाखवून बघितलं. सुरुवातीला खाडी दिसते. मग वलांडी. मग बोंबलांच्या मधून पाय येतात.

रखमा, म्हणजे नरहरी नाखव्याची बायको, ती पहिली बोलली. "अगो, हे तर दादूचे पाय!"

"दादूचेच," इंदुबाई बोलली. "तो बघ अंगठा. बोटीचा नांगर पडलेला त्यावर."

"दादू, नखं काप रे!"

"आणि ह्या बोंबलांना ऊन नाय लागलंय. कोणाचे गो हे? कुजतील."

"ती खाडी बघितली? आधी भरती, आणि लगेच पुढे चिखल. अर्धा दिवस गेला मधे. तोवर हा दादू चालतोच हाय?"

ढँण ढँण वाजत होतं, कावळा ओरडत होता, आणि बायका तोंडाला पदर लावून लोळत होत्या. भाविका बिचारी बोलली, "पण सरावलीत तर सगळे घाबरले होते."

"सरावलीत दादूचे पाय कोण ओळखतं?" शकू बोलली. मग पोरीकडे बघून जरा हळू बोलली, "बघ हो, मी काय केलं नाय. अजून एकदा कर हवं तर. सोमवारी बाजार थंड असतो, तेव्हा सगळ्यांना आणते मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये. पण मग शेवटचं."

पोरगी रात्री जेवली नाय म्हणे. सकाळी मी बंदरावर टेम्पो लावला तर ही माझ्याबरोबर, तोंड पाडून. थंडीचे दिवस, दर्यावर धुकं. पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे लागतं ते कळत नाय. बोटी यायच्या होत्या. बायका टोपल्या घेऊन बसलेल्या आणि इंदुबाई नि रखमाची जुंपलेली. कशावरून? कोणी कोणाच्या टोपलीला पाय लावला त्यावरून. चांगला आवाज चढला होता.

आणि एकदम बंद. सगळ्या गप. इंदुबाईचा हात हवेत तसाच. माना दर्याकडे.

धुक्यातून इंजिन ऐकू येत होतं. टक टक टक टक. बोट दिसत नव्हती.

"आमची नाय," एक बोलली.

"आमची पण नाय."

मग रखमा उठली, पदर खोचला, टोपली कमरेला लावली आणि पाण्याकडे चालायला लागली. बोट अजून दिसलीच नव्हती. ती बाहेर आली धुक्यातून तेव्हा रखमा गुडघाभर पाण्यात. नरहरीचीच बोट होती.

मी जन्मापासून हे बघतोय, मला त्यात काय नवीन? पण रुचिता दर्याकडे बघतच नव्हती. ती बायकांकडे बघत होती.

"मामा, ऐकलंस?"

"काय?"

"काय नाय. तेच. आता काय नाय ऐकू आलं ना?"

मला आधी कळलंच नाय ती काय बोलते. मग कळलं. जगात कशालाच गप न बसणाऱ्या ह्या बायका एका गोष्टीला गप बसतात. आणि त्या गोष्टीत दिसत काहीच नाय.

पोरगी रखमाच्या मागे लागली. "मावशी, तू कशी ओळखतेस?"

"नवऱ्याचा खोकला ओळखू येतो की नाय माणसाला? तसंच. आमचं इंजिन मधेच एक ठोका गिळतं. टक टक टक, मग काय नाय, मग टक."

झालं. पोरगी माईकला लोकरीचा मोजा घालून बंदरावर फिरायला लागली. वाऱ्याचा आवाज लागू नये म्हणून मोजा. जी बोट येईल तिचं इंजिन तिने भरून घेतलं. लोक बोलायचे, शकूच्या पोरीला काय झालं, इंजिनाची नाडी बघते काय. रात्री कानाला ते मोठे हेडफोन लावून बसायची. मलाही लावायला दिले. एकापाठी एक इंजिनं ऐकली मी. चांगलीच वाजत होती सगळी, मग नरहरीचं लागलं आणि माझा श्वास अडकला.

"बघ," ती बोलली. "ह्यात अडखळ हाय. सारखा ठोका असला की कान झोपतो. अडखळ असली की कान पुढच्या ठोक्याची वाट बघतो. हेच घेणार मी."

कोणाचं इंजिन हाय त्याचा विचार तिने नाय केला. तिने फक्त ठोका ऐकला. तिचा बाप कंपनीत जातो, तिच्या घरात कोणी धुक्याकडे बघत बसत नाय. आणि माझ्या तरी कुठे ध्यानात आलं.

चित्राचं म्हणाल तर भाविका बोलली, की आता एकच शॉट. तोडायचा नाही, भरती-ओहोटीचा प्रश्नच नको. एक बाई बसलीय किनाऱ्यावर, समोर टोपली, बाईचं तोंड नाय, फक्त हात. हात जाळ्याचा दोरा सोडवतोय. मागे सगळं पांढरं धुकं. कॅमेरा हळूहळू हाताकडे जातो. बस. कॅमेरा ठेवला माझ्या बर्फाच्या हातगाडीवर आणि ढकलायला मी.

"मामा, हळू. डुलकी लागल्यासारखं ढकला."

"जवळ जायचं तर सरळ जा ना. एवढं काय लाजायचं?"

"पटकन गेलं की बघणाऱ्याला कळतं, आपल्याला कोणी नेतंय. हळू गेलं की त्याला वाटतं, तोच वाकून बघतोय."

हात कोणाचा घ्यायचा ह्यावर खल झाला. मुरब्यातला हात चालणार नाय, बांगडीवरून ओळखतील. शेवटी भाविकाच्या आईला सरावलीहून टेम्पोत घालून आणली. ती माऊली पहिल्यांदा मासळीच्या टोपलीसमोर बसली. नाकाला रुमाल लावून बसली, पण हात झकास दिला.

सोमवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये मी खिडक्यांना ताडपत्र्या बांधल्या. समोर पांढरी चादर. स्पीकर मी बोईसरहून मंडपवाल्याकडून आणलेला. त्याचा यूपीचा माणूस मला विचारतो, "चाचा, शादी है क्या?" मी बोललो, "नहीं रे, परीक्षा है." स्पीकर चादरीजवळ ठेवायला गेलो तर रुचिता बोलली, "तिकडे नको. मागे ठेव, दर्याच्या खिडकीखाली, पोत्याआड."

"चित्र पुढे आणि आवाज मागून?"

"इंजिन कुठून येतं मामा आपल्याला? दर्याकडूनच ना?"

बायका आल्या. खुर्च्या भरल्या. भजीचा पुडा फिरत होता. इंदुबाई बोलली, "दादू, आज पाय धुतलेस ना?" हशा. शकू पहिल्या रांगेत हाताची घडी घालून. पोरगी भिंतीला टेकून उभी, ओठ चावत. मी दार लावलं.

चादरीवर धुकं दिसलं. मग टोपली, मग हात.

"हात कोणाचा गो?" कोणीतरी बोललं.

"इंदुबाई, तुझा?"

"माझा नाय. बांगड्या बघ ना. आपल्यातली नाय ही."

"टोपली तर आपली."

आणि ते त्यांना सुटेना. हात आपला नाय, टोपली आपली, मग ही बाई कोण? भजीचा पुडा एकीच्या मांडीवर थांबला. संगीत नव्हतं, कावळा नव्हता. नुसतं पाणी, लांब. कॅमेरा सरकतोय की नाय तेही कळत नव्हतं, पण हात मोठा होत होता.

मग मागून, दर्याच्या खिडकीतून, इंजिन. टक टक टक. एवढं बारीक की मला वाटलं मलाच भास होतोय. बायकांच्या माना वळल्या, एकदम सगळ्यांच्या, चादर सोडून खिडकीकडे. कोणी हूं नाय की चूं नाय. टक टक टक, मग काय नाय, मग टक. रखमा खुर्चीच्या टोकाला आली. तिच्या तोंडावर हसू आलं, नरहरी त्या दिवशी दुपारच्या भरतीच्या पाण्याला यायचाच होता. ती पदर खोचायला लागली. चादरीवरचा हात पण थांबला होता.

आणि ठोका गिळला, तो परत आलाच नाय.

इंजिन बंद. पाणी पण बंद. पोरीने तिथे सगळाच आवाज काढून टाकलेला. तुमाला सांगतो, मी एवढा आवाज नसलेला कधी ऐकला नव्हता. मला माझ्या कानातलं रक्त ऐकू आलं.

रखमा उठली आणि दार उघडून गेली. धावली नाय, चालत गेली, भरभर. तिच्यामागे इंदुबाई, मग बाकीच्या. एकीनेही तोंड उघडलं नाय. हॉलमध्ये चादरीवर हात तसाच, समोर रिकाम्या खुर्च्या.

रुचिता त्यांच्या मागे पळाली. "मावशी! मावशी, तो स्पीकर हाय! मीच बंद केलं ते, मशीनवर!"

किनाऱ्यावर उन्हात सगळ्या उभ्या. दर्या मोकळा, एक बोट नाय. रखमा बोलली, "माहीत हाय गो मला. दाराबाहेर आले तेव्हाच कळलं. पण पाय थांबले नाय, त्याला मी काय करू?" आणि तिने मोबाईल काढून नरहरीला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. बाहेर. दर्यात रेंज नसतेच, हे तिला रोजचं माहीत. पण त्या दिवशी ते रोजच्यासारखं नाय लागलं.

शकू पोरीवर फिरली. "हे शिकणार तू पुण्याला? बाईचा नवरा पाण्यात आणि तू त्याचं इंजिन बंद पाडतेस?"

पोरगी पांढरी पडलेली. "मी फक्त ठोका ऐकला, आई. मला तो आवडला. मी…" ती रखमाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. हात धरायची हिंमत झाली नाय, नुसती उभी राहिली.

आमी सगळे थांबलो. घरी जा असं कोणी कोणाला बोललं नाय. ऊन कलायला लागलं. भाविका हळूच माझ्या कानाशी बोलली, "मामा, हे सगळ्यांचे चेहरे… असं परत कधीच मिळणार नाही." तिने कॅमेरा वर उचलला. रुचिताने बघितलं, आली, आणि कॅमेऱ्यावर हात ठेवून तो खाली केला. परत रखमाच्या बाजूला गेली. शकूने ते बघितलं. मी शकूला बघताना बघितलं.

मग आलं ते. लांबून. पहिल्यांदा वाऱ्यातच विरलं, मग परत. टक टक टक, मग काय नाय.

मग टक.

रखमा मटकन वाळूत बसली. हसायला लागली, डोळे पुसत पुसत नरहरीला शिव्या द्यायला लागली, त्या बिचाऱ्याला काय पत्ता. आणि मग ज्या बायका एवढा वेळ गप होत्या त्या सगळ्या एका वेळी सुटल्या.

पैज कोण जिंकलं त्यावर भांडण लागलं. एक बोलली, दोन मिनिटं पूर्ण झालीच नाय, आमी उठून आलो. दुसरी बोलली, गप बसायचं ठरलेलं, खुर्चीत बसायचं कुठे ठरलेलं? इंदुबाई बोलली, दोन मिनिटं काय, तासभर गप होते मी, माझा जबडा दुखतोय.

शकूने कोणाचं ऐकलं नाय. ती आपल्या पायांकडे बघत होती. अनवाणी होती. चपला हॉलमध्येच राहिलेल्या.

"दादा," ती मला बोलली, "पंढरी कुठे हाय आत्ता?"

"कंपनीत. दुसरी पाळी हाय ना त्याची."

"तेच बोलते मी. माझं कोणी नाय दर्यात. कधीपासून नाय." तिने पोरीकडे बघितलं. "मग मी कोणासाठी धावले गो?"

पोरगी बोलली, "मला नाय माहीत, आई. मला तेच कळून घ्यायचंय."

शकूने पायाची वाळू झटकली. मग बोलली, "लॅबवाल्याला मी नाय म्हणून सांगते. पण एक ध्यानात ठेव. इंजिन कोणाचं हाय ते आधी विचारायचं. पुण्यात पण."

"विचारीन."

तेवढ्यात रखमा पाण्याकडे निघाली होती, ती अर्ध्यातून मागे वळली. "अगो रुचिता, ते राहिलंच! त्या बाईचं काय झालं? त्या हातवाल्या बाईचं? तिचा माणूस आला की नाय?"

"माहीत नाय मावशी. एवढीच सुरुवात हाय. पुढचं केलंच नाय अजून."

"केलंच नाय?" रखमा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिकडे बोट किनाऱ्याला लागत होती, नरहरी दोर फेकायला उभा, आणि ही त्याच्याकडे पाठ करून. "माझा जीव काढलास आणि पुढचं केलंच नाय? शकू, हिला उद्याच्या उद्या पाठव!"